होडीवरची तीन अक्षरं

दौलत नाखवाकडे होडी नव्हती. आडनाव ऐकलं की लोक हटकून तेच विचारायचे, आणि तोही न वैतागता तेच उत्तर द्यायचा, की होती, आता नाही. ठाण्याच्या खाडीकाठी, बाळकुमच्या या नाखव्यांची होडी एकोणऐंशी सालीच बसली. खाडीत कारखान्यांचं पाणी उतरायला लागलं, जाळ्यात मासळीपेक्षा फेस जास्त यायला लागला, तेव्हा त्याच्या बापानं, गुणाजीनं, होडी काठावर ओढली आणि दोन पावसाळ्यांनंतर तिच्या फळ्या चुलीत घातल्या. दौलत तेव्हा एकवीस वर्षांचा होता. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटलेला, पण हातात कला. रेडिओ उघडणारे पुष्कळ असतात. याचा रेडिओ परत जोडल्यावर वाजायचा.

त्या जोरावर त्यानं नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर गाळा भाड्यानं घेतला. आधी रेडिओ, मग टीव्ही, आणि शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमारास ठाण्यापासून कल्याणपर्यंत व्हिडीओ गेमची दुकानं निघाली तेव्हा ती मशीनं. कपाटाएवढं लाकडी खोकं, आत टीव्हीची ट्यूब, पुढे एक दांडा आणि चार बटणं. पोरं तो दांडा असा पिळायची की महिन्याला एक तरी मोडायचा. नाणं अडकायचं, ज्यावर खेळ असतो तो आतला बोर्ड जळायचा, आणि मग काळुरामचा निरोप यायचा. काळुराम म्हणजे डोंबिवलीचा दुकानवाला. त्याची डोंबिवलीत चार आणि कल्याणात दोन मशीनं होती, आणि दौलतशिवाय त्याचं पान हलत नव्हतं. हे दोघांनाही ठाऊक होतं, पण काळुराम ते कबूल करायचा नाही.

सत्त्याऐंशीतच दौलतची आई, मंजुळा, गेली. वीस वर्षं तिनं नौपाड्याच्या बाजारात मासळी विकली होती. बाप आधीच गेलेला. लग्नाचं मनावर घ्यायला घरात कुणी उरलं नाही, आणि स्वतःच्या लग्नाची गोष्ट स्वतः काढायची दौलतला लाज वाटायची. असे लाजाळू लोक जगात मागेच राहतात आणि त्याचं खापर नशिबावर फोडतात. दौलत तेही करायचा नाही. सकाळी सायकलवरून बाळकुमहून निघायचा, संध्याकाळी परत जायचा. घरी गेल्यावर बोलायला कुणी नव्हतं, आणि गाळ्यात बोलायला मशीन होतं.

मशीन दुरुस्त झालं की ते दोन-तीन तास चालू ठेवून तापवून बघावं लागतं. तापल्यावरच खरा दोष कळतो. एवढा वेळ खेळत कोण बसणार? दौलतला तर खेळायची आवडही नव्हती. पण खेळ संपला की पडद्यावर नुसत्या जाहिराती फिरतात, मग बोर्डावर ताण येत नाही. म्हणून त्यानं युक्ती काढली. प्रत्येक खेळात अशी एक जागा शोधायची जिथे शत्रू पोचत नाही, आणि तिथे आपला माणूस उभा करून ठेवायचा. माणूस मरत नाही, मशीन तापत राहतं. समोर स्टुलावर बसून दौलत चहा प्यायचा आणि पडद्याकडे बघायचा. जिंकण्याच्या नादात असलेल्या एकाही पोरानं त्या खेळांची मागची बाजू अशी बघितली नसेल.

'कंदीलवाला' त्याला असा भेटला. खेळाचं मूळ नाव इंग्रजीत लांबलचक होतं, ते कुणी वाचायचं नाही. हातात कंदील घेतलेला एक बुटका माणूस पाण्यातल्या किल्ल्यात शिरतो आणि पायऱ्या उतरत जातो, म्हणून सगळे त्याला कंदीलवालाच म्हणायचे. जपानमधली कुठलीशी कंपनी दर दोन वर्षांनी त्याचा नवा भाग काढायची, आणि तो जुना होऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून ठाण्याला पोचेपर्यंत आणखी वर्ष जायचं. दौलतनं चार भाग तापवले, म्हणजे कित्येक महिने तो त्या किल्ल्यात राहिला म्हणा ना.

त्याला काय काय दिसलं! पहिल्या भागात कंदीलवाल्याला दहा मिनिटं हलवलं नाही तर तो खाली बसतो, एक बूट काढतो आणि झटकतो. दुसऱ्या भागात वरच्या खिडकीत एक मांजर आहे. तिसऱ्या भागात तिच्याशेजारी पिल्लू आहे, आणि चौथ्यात ते पिल्लू मोठं होऊन एकटंच बसलेलं आहे. बुरुजामागे दोरीवर एक लाल सदरा वाळत असतो. तो पहिल्या भागात कंदीलवाल्याच्या अंगावर होता, नंतर दोरीवर गेला, आणि चौथ्या भागात त्याला कोपरावर ठिगळ आहे. हे बघून दौलतला भरून आलं. कुणीतरी एक माणूस, कुणी बघणार नाही हे माहीत असून, सदऱ्याला ठिगळ लावत होता.

त्यानं मोठ्या उत्साहानं काळुरामला दुकानात उभं करून मांजर दाखवली. काळुरामनं डोळे बारीक करून बघितलं आणि विचारलं, "त्यानं पॉइंट वाढतात काय?"

"नाय."

"मग?"

हा 'मग' दौलतला लागला. त्यानं कानाला खडा लावला आणि पुन्हा कुणाला काही दाखवलं नाही. मनातली गोष्ट मनात ठेवायची त्याला सवयच होती, पण ही ठेवणं जड गेलं. आपल्याला काहीतरी सुंदर माहीत आहे आणि ते सांगायला एक माणूस नाही, हे दुःख लहान नाही.

होडी दिसली ती नव्वद साली, तिसऱ्या भागात. किल्ल्याच्या पायाशी, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढी होडी बांधलेली. दुसऱ्या कुणी ती बघून सोडली असती. पण कोळ्याचा मुलगा होडी दिसली की आधी तिच्या पुढच्या टोकावरचं नाव वाचतो, कारण नाव नसलेली होडी नसतेच. दौलतनं वाचलं. तीन इंग्रजी अक्षरं होती. ए, ए, आय.

आई.

त्याच्या बापाच्या होडीवर हेच लिहिलेलं होतं. खाडीवरच्या निम्म्या होड्यांवर हेच असायचं, एकवीरेचं नाव. घरात तो मंजुळेला 'बय' म्हणायचा. 'आई' हा शब्द त्याच्यासाठी देवीचा आणि होडीचा. तो स्टुलावरून उठला, पडद्याला नाक लावून उभा राहिला, मग गाळ्याचं दार ओढून घेतलं. त्यानं अडगळीतून पहिल्या दोन भागांचे जुने बोर्ड काढले आणि एकेक जोडून बघितले. दोन्हीकडे होडी होती, आणि तिच्यावर तीच तीन अक्षरं. पुढे चौथा भाग आला, त्यातही होती.

झालं. दौलतच्या डोक्यानं घेतलं की त्या जपानी कंपनीत आपला माणूस आहे. मराठी, बहुतेक आपल्याच खाडीकडचा, पोटासाठी इतक्या लांब गेलेला. तो चित्रं काढतो, त्याच्या नावाला तिथे काही किंमत नाही, पण जिथे पाणी आणि होडी येते तिथे त्याच्या हाताला राहवत नाही. आता या समजुतीला शेंडा ना बुडखा, हे आपल्याला दिसतं. पण दौलत एकटा होता, आणि एकट्या माणसाला पुरावा थोडा पुरतो. तो मशीन तापवताना त्या माणसाशी बोलायला लागला. आज काय काढलंस, तिकडे मासळी कसली मिळते, बय आहे का तुझी. तीन वर्षं त्याला एवढीच सोबत होती. आणि मग त्याला खरं जाणून घ्यावंसं वाटायला लागलं, कारण हा माणूस आहे की आपणच केलाय, या शंकेनं त्याच्या जिवाला घोर लागला.

गाळ्याला लागून टायपिंगचा क्लास होता. तो चित्रा चालवायची. वडिलांनी काढलेला क्लास, वडील गेल्यावर तिनं सांभाळला. वय छत्तीस, बोलणं मोजकं, चष्म्याची दोरी गळ्यात. मुली तिला 'बाई' म्हणायच्या म्हणून दौलतही बाईच म्हणायचा, आणि ती त्याला 'नाखवा'. सात वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना काढून त्यांची ओळख एवढीच होती. मुली गेल्यावर ती एकटीच काही टाइप करत बसते, हे त्याला आवाजावरून कळायचं. तिची आई वरच्या मजल्यावर खिडकीत बसलेली असायची. चित्राचा धाकटा भाऊ ब्याऐंशी साली कॅनडाला गेला होता. पाच-सहा वर्षं पत्रं आली आणि मग बंद पडली. म्हातारी रोज टपाल येऊन गेलं की मगच जेवायला उठायची, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

त्र्याण्णव सालच्या मार्च महिन्यात दौलतनं धीर केला. इंग्रजीत पत्र लिहायचं म्हणजे बाईंशिवाय गत्यंतर नव्हतं. अडखळत त्यानं सगळं सांगितलं, सदरा, मांजर, होडी. हिचाही 'मग' येणार म्हणून तो आधीच खाली बघत होता.

"कुठल्या कोपऱ्यात?" चित्रानं विचारलं.

ती गाळ्यात आली, चष्मा लावला, वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. मग अक्षरं जुळवून तिनं तो शब्द मोठ्यानं म्हटला. पडद्यावरचा तो शब्द दौलतनं दुसऱ्या कुणाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. पत्र आजच लिहू, असं ती म्हणाली, आणि खरंच त्याच दुपारी तिनं ते टाइप केलं. तुमच्या खेळात होडीवर आमच्या भाषेतला शब्द आहे, तो लिहिणारे गृहस्थ कोण, त्यांना ठाण्याहून नमस्कार सांगावा. कंपनीचा पत्ता बोर्डाबरोबर आलेल्या कागदावर होता. उत्तरासाठी पत्ता क्लासचा दिला.

मग वाट बघणं सुरू झालं. आता टपालाच्या वेळेला वर खिडकीत म्हातारी असायची आणि खाली गाळ्याच्या दारात दौलत. पोस्टमन दोघांकडेही बघून नकारार्थी मान हलवून पुढे जायचा. चित्रानं आईलाही होडीची हकिगत सांगितली होती. म्हातारीला मशीन म्हणजे काय ते कळलं नाही, पण कुणाचातरी मुलगा लांबच्या देशात आईचं नाव लिहितो, एवढं नीट कळलं. ती दौलतला वरूनच विचारायची, "आलं का हो त्या मुलाचं?"

चार महिन्यांनी आलं. दुपारची वेळ, पुढच्या मुली यायला अवकाश होता. चित्रानं पाकीट कात्रीनं उघडलं, कागद उलगडला आणि मनात वाचला. दौलत समोरच्या खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता, शाळेतला निकाल ऐकायला बसावं तसा.

"सांगते," ती म्हणाली, "मराठीतच सांगते."

आणि ती वाचायला लागली. "तुमचं पत्र मिळालं. मी मूळचा तिकडचाच. इथे येऊन अकरा वर्षं झाली. सुरुवातीला घरी पत्र लिहायचो. मग एकदा राहिलं, आणि राहिलेलं का राहिलं ते आधी लिहावं लागेल म्हणून पुढचंही राहिलं. आता लिहायला बसलो की हात चालत नाही. म्हणून कामात होडी आली की तिच्यावर आईचं नाव घालतो. तिला वाटत असेल मी विसरलो. विसरलेलो नाही. तिनं जेवण अडवून ठेवू नये."

बाहेरचं ऊन तिच्या पाठीमागच्या खिडकीतून येत होतं आणि कागद पातळ होता. दौलतला उलट बाजूनं ओळी दिसत होत्या. टाइप केलेल्या चार ओळी आणि खाली सही. चार ओळींत एवढं मावत नाही, हे कळायला मॅट्रिक पास व्हावं लागत नाही. पण त्यानं तिला थांबवलं नाही. तिचा आवाज त्यानं असा कधी ऐकला नव्हता.

"परत एकदा वाचता का, बाई?"

चित्रानं परत वाचलं. या वेळी मजकुरात एक बहीण आली, जी पहिल्या वेळी नव्हती. बहिणीनं एकटीनं सगळं निभावलं, तिचे उपकार फेडता येणार नाहीत, असं काहीसं ते वाक्य होतं, आणि ते तिला नीट पुरं करता आलं नाही. तिनं चष्मा पुसला. दौलतनं पत्र जवळ ठेवू का म्हणून विचारलं. नाही म्हणायला तिला कारण सापडेना. तिनं घडी घातली आणि कागद त्याच्या हातात दिला.

गाळ्यात येऊन त्यानं शाळेतला शब्दकोश काढला. तासाभरात चार ओळी लागल्या. ती अक्षरं म्हणजे चित्र तपासताना घातलेली एक खूण होती. ती चुकून राहून गेली आणि पुढच्या भागांत तशीच उतरत आली. तिला काही अर्थ नाही. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार, पुढच्या भागातून काढून टाकू.

त्याला आधी राग आला, चित्राचा. मग स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. सगळ्यात शेवटी ती शेवटची ओळ आत उतरली. कुणाला विचारलं नव्हतं तोवर ती होडी त्याची होती. त्यानं विचारलं, आणि आता ती पुसली जाणार होती. त्या दिवशी त्यानं कुठलंच मशीन लावलं नाही. भिंतीपलीकडे मुलींचा टायपिंगचा आवाज सुरू झाला, संपला, आणि नंतर एकटीचा सुरू झाला नाही.

त्यानं तिला काही विचारलं नाही. विचारून काय मिळणार होतं? ते पत्र तिनं त्याच्यासाठी रचलं होतं की वरच्या खिडकीसाठी की स्वतःसाठी, हे बहुधा तिलाही सांगता आलं नसतं. तीही त्या विषयाकडे वळली नाही. म्हातारी मात्र, चित्रानं तोच मजकूर तिलाही सांगितल्यावर, त्या दिवसापासून टपालाची वाट न बघता जेवायला लागली आणि दौलत दिसला की वरून विचारायची, की तो मुलगा बरा आहे ना. दौलत बरा आहे म्हणायचा. बाकी सगळं होतं तसंच राहिलं, भिंतीसकट. पुढे क्लासमध्ये मुली कमी झाल्या, कारण सगळ्या कॉम्प्युटर शिकायला लागल्या, आणि दौलतची मशीनंही घटली, कारण पोरांच्या घरीच टीव्हीला लावायचे खेळ आले.

पाचवा भाग काळुरामकडे शहाण्णवच्या जानेवारीत आला. दौलत डोंबिवलीला गेला, बोर्ड जोडला, कंदीलवाल्याला त्याच्या सुरक्षित कोपऱ्यात नेऊन उभं केलं. मांजर नव्हती. दोरी होती, तिच्यावर काही नव्हतं. पाणी आता फार खरं दिसत होतं, लाटाबिटा होत्या. होडीही होती, आधीपेक्षा मोठी आणि सुबक. तिच्या टोकावर नुसतं लाकूड होतं. दौलत मशीन पुरतं तापेपर्यंत तिच्याकडे बघत बसला. काळुराम म्हणाला, झालं असेल तर पोरांना खेळू दे.

संध्याकाळी तो नौपाड्यात परतला तेव्हा चित्रा क्लासला कुलूप लावत होती. तिच्या केसांत बरंच पांढरं दिसत होतं. वर खिडकीत दिवा लागला होता.

"नवीन भाग आला म्हणे," ती म्हणाली. किल्ली फिरवता फिरवता, त्याच्याकडे न बघता तिनं विचारलं, "आहे का?"

काढून टाकू, ही ओळ तिनंही वाचली होती. त्याच्या आधी तिनंच वाचली होती. आता होडीवर ती अक्षरं नसणार, हे तिला गेली अडीच वर्षं ठाऊक होतं.

"आहे," दौलत म्हणाला.

तिचा हात कुलपावर थांबला.

"कुठे?"

"तिथंच. होडी या वेळी मोठी केलीय त्यानं. अक्षरं पण मोठी आलीत, लांबूनसुद्धा वाचता येतात."

चित्रानं वळून त्याच्याकडे बघितलं. सात आणि अडीच, साडेनऊ वर्षांत तिनं इतका वेळ त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्यालाही कळलं होतं. दोघांपैकी एकानं एक शब्द बोलायचा होता, आणि तो दोघांनाही येत नव्हता.

"बरं झालं," शेवटी ती म्हणाली. "आईला सांगते. ती विचारत असते."

ती जिना चढून वर गेली. दौलत खाली उभा राहिला. थोड्या वेळानं वरून म्हातारीचा खुशीतला आवाज आला. ती चित्राला ते पुन्हा सांगायला लावत होती.